अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वजनदार

वजनाच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही. तीस वर्षं मी काटे दुरुस्त करतो. सोनाराचा चिमुकला काटा असो की भंगारवाल्याचा जमिनीत गाडलेला, बिघडला की माणसं मलाच बोलावतात. बाजारात माझं खरं नाव फारसं कोणाला माहीत नाही, ‘काटेवाले’ म्हटलं की झालं. तराजूची दांडी बोटावर धरली की ती कुठल्या बाजूला किती झुकते ते मी डोळे मिटून सांगतो, आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. बायको म्हणते, यांना फुशारकी मारायला माणूस लागत नाही, समोर भिंत असली तरी भागतं. खरं आहे ते. म्हणूनच पुढचं सांगताना तोंड वर करवत नाही.

माझा एक राग आधीच सांगून टाकतो, कारण तो पुढे माझ्याच अंगावर आला. स्प्रिंगचा काटा मला डोळ्यांसमोर नको असतो. दांडीच्या तराजूत वजनासमोर वजन ठेवावं लागतं. स्प्रिंगच्या काट्यात समोर काहीच नसतं, नुसता आतला ताण. ‘दांडीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी खरं असतं, स्प्रिंग नुसती कण्हते,’ हे माझं वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय की मुलगी ते माझ्या आवाजात, माझ्यासारखी भुवई चढवून म्हणून दाखवते.

मुलगी पंधरा वर्षांची. शाळेतलं नाव मोठं आहे, घरात ती चिंगीच. चार वर्षं ती एका बाईंकडे पियानो शिकत होती. बाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, कडक, आणि त्यांच्याकडे खरा पियानो, कपाटाएवढा. चिंगीला तो आठवड्यातून दोन तास मिळायचा. बाकीचे दिवस ती जेवणाच्या टेबलाच्या काठावर बोटं वाजवायची. आधी मला गंमत वाटायची, नंतर वाटेनाशी झाली. कारण पुढच्या वर्षी संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. जागा बाराच. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘मुलीच्या हातात गुण आहे, पण रोजचा रियाज नसेल तर फॉर्म भरू नका.’

खरा पियानो आमच्या जिन्यात शिरला नसता आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या डोक्यात तर मुळीच नाही. ते आमची खुर्ची सरकली तरी छताला काठी मारतात. म्हणून डिजिटल घ्यायचं ठरलं. कानाला हेडफोन लावला की घरात फक्त पट्ट्यांचा टकटक आवाज. बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वजनदार. दुरुस्ती गावात होईल अशा कंपनीचा. फार महाग नको.’

चिंगी म्हणाली, “बाबा, रविवारी आपण मिळून जाऊ. मला दाबून बघायच्यात.”

मी हो म्हटलं. आणि गुरुवारी एकटाच गेलो.

त्या भागात काम होतं हे एक कारण. दुसरं कारण, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दारात उभं राहून बघायचा होता. आणि खरं कारण असं, की चिठ्ठीत ‘वजनदार’ हा शब्द होता आणि तो वाचून मला वाटलं होतं, हे काम आपलंच.

वाद्यांच्या दुकानात एक तरुण मुलगी विक्रीला होती. केस वर बांधलेले, खिशाला पेन. तिनं मला दोन पियानो दाखवले. दोन्ही जवळपास एकाच किमतीचे. एक अगदी बारीक, नुसती काळी पट्टी म्हणावी असा, पाय वेगळे घ्यायचे. दुसरा लाकडी चौकटीतला, जाड पायांचा, पुढे चकचकीत झाकण.

“काका, तुम्हाला वजनदार हवाय ना, मग हा बारीक बघा,” ती म्हणाली.

“हा?” मी तो एका हातानं उचलून दाखवला. “हा वजनदार?”

“वजन म्हणजे काका, त्यात—”

“ताई, वजन म्हणजे काय ते मला नका सांगू. माझा धंदाच तो आहे.”

मागे उभं असलेलं एक जोडपं हसलं. मला ते हसू आपल्या बाजूचं वाटलं. मग मला चेव चढला. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत पार्सलचा काटा होता, तो मीच दुरुस्त केलेला. मी हमालाला हाक मारून दोन्ही पियानो तिकडे न्यायला लावले आणि एकेक करून काट्यावर चढवले. बारीक निघाला बारा किलो. लाकडी एकतीस.

“बघा,” मी म्हटलं.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काका, घ्यायच्या आधी एकदा दोन्हीच्या पट्ट्या दाबून तरी बघा.”

इथे मी थांबायला हवं होतं. कुठलाही काटा मी हात लावल्याशिवाय घेत नाही की देत नाही. पण पियानोची पट्टी दाबली की आवाज होतो. दुकानात पाचसहा माणसं होती, थोड्याच वेळापूर्वी एक लहान मुलगी येऊन काहीतरी भरभर वाजवून गेली होती. मी एक बोट पुढे करून ‘टूं’ करणार आणि सगळे वळून बघणार. मला लाज वाटली. मी हात मागे बांधले आणि म्हटलं, “माझे हात तेलकट आहेत.” हात स्वच्छ होते.

लाकडी पियानो घरी आला. चिंगी शाळेतून आली, दप्तरासकट धावली, झाकण उघडलं, बसली. उजव्या हातानं एक पट्टी दाबली. मग तीच पुन्हा, हळू. मग डाव्या टोकाची एक. मी दारात उभा होतो, ज्यासाठी उभा राहिलो होतो ते बघायला.

तिचा चेहरा पडला नाही, एवढंच सांगतो. तो पडता पडता तिनं सावरला. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

“छान आहे बाबा,” ती म्हणाली. “किती सुंदर लाकूड आहे.”

लाकूड! मी तीन दिवस बाजारभर सांगत फिरलो की मुलीला पियानो घेतला, एकतीस किलोचा.

दोन महिने ती रोज हेडफोन लावून बसायची. तासभर, मग दोन तास. मधूनच उठून टेबलाच्या काठाशी जायची आणि पूर्वीसारखी तिथे बोटं आपटायची. बायकोनं एकदा विचारलं, “अगं, एवढा पियानो असताना टेबल कशाला?” तर म्हणाली, “सवय आहे.” मीही म्हटलं, सवय असेल.

मग बाईंचा फोन आला. परीक्षेला सहा आठवडे उरले होते. मुलीचा हात बिघडलाय, म्हणाल्या, वडलांनी येऊन जावं.

माझ्या अंगाची लाही झाली. एवढा पियानो आणून दिला, पोर दोन दोन तास बसते, आणि हात बिघडला? मी चिंगीला घेऊन गेलो तो भांडायच्या तयारीनंच. माझी हत्यारांची पिशवीही बरोबर होती. म्हणजे वेळ पडली तर तुमचाच पियानो तपासून देतो, असं म्हणता येईल, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

बाईंनी चहा वगैरे काही विचारलं नाही. “वाजव,” म्हणाल्या.

चिंगीनं वाजवलं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. हळू वाजवायच्या जागी मधले सूर येतच नव्हते. पट्टी खाली जायची आणि आवाज नाही. मग ती घाबरून जोर लावायची आणि पुढचा सूर धाडकन यायचा. चौथ्या ओळीला तिची बोटं थकली. चार वर्षं शिकलेली मुलगी.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “इकडे या.” त्यांनी पियानोचं वरचं फळकूट उचललं आणि मला आत बघायला लावलं.

आत ओळीनं अठ्ठ्याऐंशी दांड्या होत्या.

त्या समजावत होत्या, पण मला कोणी समजवायची गरजच नव्हती. पट्टी म्हणजे लांब लाकडी दांडी. मधोमध टेकू. ह्या टोकाला बोट, त्या टोकाला हातोडी. बोटानं दाबलं की पलीकडची हातोडी आपल्या वजनासकट उचलली जाते आणि तारेवर पडते. डावीकडच्या हातोड्या मोठ्या, उजवीकडे जाता जाता लहान. अठ्ठ्याऐंशी तराजू एका पेटीत. जन्मात इतकं सुंदर काम मी पाहिलं नव्हतं.

“डिजिटलमध्ये तारा नसतात,” बाई सांगत होत्या, “पण चांगल्यात पट्टीला असंच वजन दिलेलं असतं. बोटाला तो भार कळावा म्हणून. वजनदार पट्ट्या म्हणतात त्या ह्याच. तुमच्या घरी जो आहे ना, मी चौकशी केली, त्यात वजन नाहीच. पट्टीखाली नुसती स्प्रिंग आहे.”

स्प्रिंग.

कोणी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. ‘अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वजनदार.’ वजनदार पट्ट्या हव्या होत्या, मी पियानो वजनदार आणला. काट्यावर चढवून आणला. आणि आयुष्यभर ज्या एका वस्तूला शिव्या दिल्या ती स्वतःच्या पैशांनी घरात आणून पोरीच्या बोटांखाली ठेवली.

बाई आता चिंगीकडे वळल्या होत्या. “आणि तुला काय म्हणावं? बाबा दुकानात सांगत होते ना, दुसरा घे म्हणून? तू हट्टानं हा दिखाऊ घेतलास. लाकूड आवडलं म्हणे. चार वर्षं शिकून तुला पट्टी कळू नये? आता सहा आठवड्यांत मी काय करू?”

मला आधी काही कळेना. दुकानात चिंगी नव्हतीच. मग कळलं. तिनं बाईंना सांगितलं होतं की पियानो तिनं निवडला.

चिंगी स्टुलावर मान खाली घालून बसली होती, हात मांडीत. तिनं मान न उचलता नुसते डोळे माझ्याकडे वळवले आणि किंचित, अगदी किंचित, डोकं हलवलं. गप्प राहा, असं.

बाई मला म्हणाल्या, “तुम्ही तरी वडील म्हणून ठाम राहायचं होतं.”

आणि मी मान हलवली. होय, हलवली. ‘खरंय तुमचं’ अशी. त्या माझ्या पोरीला बोलत होत्या माझ्या चुकीबद्दल, आणि मी मान डोलावत होतो. लाज पुष्कळ प्रकारची असते, दुकानातली ती साधी होती. ही तशी नव्हती. मला त्या पियानोच्या पेटीत उतरून वरून फळकूट लावून घ्यावंसं वाटलं.

आम्ही घराच्या रस्त्याला लागलो. पिशवीतली वजनं खुळखुळत होती. मी विचारलं, “तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?”

“पहिल्याच पट्टीला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही दारात उभे होतात ना,” ती म्हणाली. “तुम्हाला इतका आनंद झाला होता.”

“आणि बाईंना असं का सांगितलंस?”

“बाई बाजारात सगळ्यांना ओळखतात, बाबा. काटेवाल्यांना वजन कळलं नाही, असं झालं असतं. मी काय, मी लहान आहे. मला कोणी काही म्हटलं तरी माझं काम थोडंच जाणार आहे?”

मी रस्त्याच्या कडेला थांबून चपलेत खडा गेल्याचं निमित्त केलं. खडा नव्हता.

घरी गेल्यावर मी वजनांची पेटी उघडली. पितळी, पन्नास ग्रॅमचं वजन घेऊन पियानोच्या एका पट्टीवर ठेवलं. पट्टी अर्धी खाली गेली आणि अडली. जितकं दाबावं तितकी स्प्रिंग उलट ढकलते, म्हणून. दुसऱ्या पट्टीवर तेच, शेवटच्या पट्टीवरही तेच. डावीकडच्या उजवीकडच्या सगळ्या एकजात सारख्या. पाच मिनिटांचं काम होतं. हे मी दुकानात करू शकलो असतो, पेटी तेव्हाही खांद्यावरच्या पिशवीतच होती.

बायको मागे उभी राहून बघत होती. तिला सगळं सांगितलं, मान हलवल्याचं सुद्धा. ती एरवी मला सोडत नाही. त्या दिवशी नुसतं म्हणाली, “अहो, मग आता तिला घेऊन जा,” आणि तिच्या कपाटातला साठवलेल्या पैशांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

रविवारी आम्ही दोघं गेलो. दुकानात गर्दी होती. तीच मुलगी, केस वर बांधलेले. तिनं मला लगेच ओळखलं.

“या काका,” ती म्हणाली. “पार्सलचा काटा मागच्या खोलीतच आहे.”

चिंगीला हसू आवरेना. माझी लायकीच ती होती. मी म्हटलं, “ताई, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि मी बोलू दिलं नाही. ते आज सांगा. मी ऐकतो.” गर्दीतल्या चारदोन माणसांनी वळून पाहिलं. पाहू देत.

ती हसली, मग मनापासून सांगू लागली. “काका, न विचारता घेणारे रोज येतात, पण पियानो काट्यावर चढवणारे तुम्ही पहिलेच.” पट्टी डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी लागायला हवी, म्हणाली. बाजूला हलवली तर डुगडुगता कामा नये. दाबताना खालून खटखट आली तर हेडफोन लावूनही खालच्या मजल्याला ऐकू जाईल. आणि दुकानात मांडलेला नमुना घेतला तर तोच पियानो पुष्कळ स्वस्त पडतो, हमी मात्र नव्याएवढीच. लाकडी पियानो परत घ्यायलाही ती तयार झाली, अर्थात आम्ही दिले त्याहून कमी देऊन. तो फटका मला बसायलाच हवा होता.

मी पेटी काढली. परवडतील असे चार पियानो होते, चारहींवर पन्नासचं वजन ठेवून पाहिलं, चाळीसचं, साठचं, डावीकडून उजवीकडे. त्यातला एक असा पायरीपायरीनं हलका होत गेला की मी मनातून त्याच्या प्रेमात पडलो. “हा,” मी म्हटलं. “माझा शब्द आहे.”

चिंगी डोळे मिटून चारही पियानोंवरून बोटं फिरवत होती. ती शेवटच्यापाशी थांबली. तो नमुन्याचा होता, एका कडेला ओरखडा, दिसायला काही नाही. एकच पट्टी ती भरभर दाबत राहिली. मग म्हणाली, “बाबा, तुमच्या त्याची पट्टी खाली छान जाते. पण ह्याची परत वर येते ती बोटाला चिकटून येते. पुढचा सूर लगेच घेता येतो.”

परत वर येण्याचं वजन माझ्या पेटीत नव्हतं.

मी पेटी बंद केली. “हाच,” म्हटलं.

“तुम्ही दाबून बघा,” ती म्हणाली.

“मी कशाला? तू निवडलायस ना.”

“बाबा.”

मी बोट पुढे केलं. मधली एक पट्टी दाबली. ती आधी जड लागली, मग मध्येच सुटल्यासारखी खाली गेली, दांडी तोल पार करते तशी. सूर निघाला, सगळ्या दुकानात ऐकू गेला. कोणी वळून पाहिलं नाही. एवढंच होतं ते, जे मला त्या गुरुवारी जमलं नव्हतं.

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात टकटक चालू होती. टेबलाच्या काठावर चिंगी पुन्हा गेली नाही. परीक्षेच्या तीन दिवस आधी बाई स्वतः घरी आल्या, धापा टाकत जिना चढून. मी त्यांना खुर्ची दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

चिंगीनं हेडफोन काढून ठेवला आणि वाजवलं. हळूच्या जागी सूर आले, हळूच आले. एकही गळला नाही. खालून छताला काठीही वाजली नाही. बाईंनी शेवटपर्यंत डोळे मिटून घेतले होते. ते उघडून त्या उठल्या, स्वतः दोनचार पट्ट्या दाबून पाहिल्या, ओरखड्यावरून बोट फिरवलं.

“हा खरा शहाणपणाचा पियानो,” त्या म्हणाल्या. “ह्या किमतीत असा मिळणं सोपं नाही. कोणी निवडला?”

“बाबांनी,” चिंगी पटकन म्हणाली.

बाई कौतुकानं माझ्याकडे वळल्या. मान हलवली की संपलं असतं. मानेला ते चांगलं ठाऊकही होतं.

“नाही बाई,” मी म्हटलं. “हा हिनं निवडला. आधीचा मी.”